जागची न हलणारी खुर्ची

सोळा ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊ. तपासणीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि दोन माणसे होती. त्यांपैकी काम एकटे मास्तर करत होते.

दुसरा रुग्णालयाचा रखवालदार. अंगाने काडीपैलवान, म्हणून सगळे त्याला पैलवानच म्हणत. मास्तरांची हत्यारे येताना मोजून घ्यायची, जाताना पुन्हा मोजायची आणि मधल्या वेळात दारातून हलायचे नाही, असा त्याला वरून हुकूम होता.

"पैलवान, पिशवीतला मोठा पाना द्या."

"द्यायचा हुकूम नाही. मोजायचा आहे."

"मग मोजून द्या."

पैलवानाने "एक" असे मोठ्याने म्हटले आणि पाना दिला.

मास्तर तंत्रशाळेत जोडारीकाम शिकवून निवृत्त झालेले. पाणसळ लावल्याशिवाय ते घरातला आरसाही टांगत नसत. ही खोली त्यांनी त्याच शिस्तीने हाती घेतली होती. मार्चमध्ये एका रुग्णाच्या नातेवाइकाने येथेच डॉक्टरीणबाईंवर खुर्ची फेकली होती. त्याला शिक्षा झाली, पण बाई पुन्हा आत बसल्या नाहीत. तेव्हापासून त्या व्हरांड्यात रुग्ण तपासत. येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत लोकांना सदऱ्याची बटणे सोडावी लागत आणि आपले दुखणे कुजबुजत सांगावे लागे. शेवटी बाईंनी सांगून टाकले होते : खोली मनास आली तर आत बसेन, नाही तर महिनाअखेरीस दुसरे रुग्णालय पाहीन. छातीचे दुखणे पाहणारे येथे त्यांच्यावाचून कोणी नव्हते.

मास्तरांनी आत उघडणारे दार बाहेर उघडणारे केले. टेबल फिरवले. बाईंच्या पाठीमागे परिचारिकांच्या खोलीत जाणारे नवे दार काढले. त्याला कडी नव्हती, टाचेने ढकलले तरी ते उघडे. टेबलाचे कोपरे त्यांनी कानशीने गोल केले आणि काचेचा पेपरवेट उचलून कपाटात ठेवून दिला. आता रुग्णाच्या बाजूची खुर्ची फरशीत बोल्टने आवळायची राहिली होती.

शेवटचा बोल्ट बसल्यावर ते म्हणाले, "पैलवान, तुम्ही चिडलेले नातेवाईक व्हा. एकदा पाहून घेऊ."

पैलवानाने छाती जमेल तेवढी फुगवली आणि हात नाचवत आरडाओरडा केला. व्हरांड्यातली दोन लहान मुले टाळ्या वाजवू लागली.

"असे नाही हो," मास्तर म्हणाले. "आधी आवाज खाली जातो. मग हात वर येतो."

"तुमच्याएवढा अभ्यास कुठून आणू, मास्तर?"

मास्तरांचे कान लाल झाले. ते खाली वाकून उगीचच बोल्ट पुसू लागले.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्या मास्तरांशी थेट बोलत नसत.

"पैलवान, यांना विचार, रंग वाळला का?"

"पैलवान, त्यांना सांगा, नव्या दाराचा अजून ओला आहे. हात लावू नका म्हणावे."

"मास्तर म्हणतात—"

"ऐकू आले मला," असे म्हणून सिस्टरांनी दाराला बोट लावले आणि ते बोट पदराआड लपवले. पैलवान छताकडे पाहू लागला.

डॉक्टरीणबाई उंबऱ्यापाशी थबकल्या. खोली त्यांनी आधी बाहेरूनच न्याहाळली. मास्तर पान्यासकट भिंतीला चिकटले. मग काहीतरी ध्यानात येऊन त्यांनी पाना पैलवानाच्या हाती दिला. तेव्हा बाई आत आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि टाच मागे सारली. दार आवाज न करता उघडले. त्यांनी टेबलाखाली नव्याने बसवलेली घंटेची कळ दाबली. पलीकडे घंटा खणखणली आणि सिस्टर दचकल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "घरी तुमच्या पत्नीची धाप कशी आहे?"

"पुष्कळ कमी आहे, डॉक्टर. मला झापायला पुरेल एवढा श्वास रोज उरतो."

"गोळ्या चुकवत नाहीत ना?"

"त्या नाही चुकवत. मी पाण्याचा पेला आणायला चुकलो, तर मात्र काही खरे नसते."

बाई हसल्या. त्या खोलीत मार्चपासून कोणी हसले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "पैलवान, तुम्ही बाहेर थांबा. सिस्टर, तुम्हीही. दार लावून घ्या."

"अहो डॉक्टर, पण—"

"लावून घ्या."

दार लागले. बाहेरची कुजबुज थांबली. बाईंनी रुग्णाच्या खुर्चीकडे बोट केले.

"उचलून दाखवा."

मास्तरांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि सर्व बळ लावले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चष्मा नाकावर घसरला. खुर्ची तसूभरही हलली नाही. मास्तर धापा टाकत सरळ उभे राहिले. बाईंनी कपाळावरची बट मागे सारली. तिच्याखाली टाक्यांची पांढरी रेघ होती.

"मार्चमध्ये तुम्ही एका हाताने उचलली होती," त्या म्हणाल्या. "पाठवा पहिला रुग्ण."

बाहेर पैलवानाने हत्यारे मोजून घेतली आणि पिशवी प्रथमच मास्तरांच्या हाती दिली. न्यायालयाने शिक्षा म्हणून नेमून दिलेले समाजसेवेचे तास एकशे वीस. शिल्लक : शून्य.