मागची सीट

गाडीची मागची काच बदलून झाल्यावर काचवाला हुसेन म्हणाला, "मॅडम, मागच्या सीटवर बसा. मी बाहेरून पाणी मारतो. आत थेंब आला तर सांगा."

मृणालिनीताईंनी हौसेने ही महागडी गाडी घेतली होती, पण घरात त्या एकट्याच. मागच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. त्या पहिल्यांदाच मागे बसल्या.

काचेवर पाणी धो-धो कोसळलं. "काही आलं का आत?" हुसेनने ओरडून विचारलं. आपल्या उत्तरासाठी कुणीतरी थांबलंय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

आत सगळं कोरडं होतं. तरी त्या म्हणाल्या, "इथे ओलसर वाटतंय."

तो आत आला. काचेच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं, ते कोरडंच. त्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"पुन्हा मारतो पाणी. बसा निवांत, मला घाई नाही."