घरी दिलेली नोटीस

नोटीस कचेरीत पोचलीच नाही, एवढंच ग्रामपंचायतीच्या वकिलांनी उठून सांगितलं आणि मागच्या बाकावर सुंदरबाईने पदर पुढे ओढून घेतला. नोटीस तिनेच दिली होती. स्वतःच्या हाताने दिली होती. फक्त कुठे दिली, हे कुणी विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

भांडण साधं होतं. सोनगीरच्या अलीकडच्या त्यांच्या गावात ग्रामपंचायतीने सुंदरबाईच्या बचत गटाला तीन वर्षांच्या कराराने एक गाळा दिला होता. ठराव झाला, स्टँपपेपर झाला, दहा बायांनी मिळून शेवयांचं मशीन बसवलं. एक हंगाम झाला न झाला, तोच ग्रामपंचायतीने गाळ्याला कुलूप ठोकलं. मशीन आत, बाया बाहेर. गाळा सरपंचबाईंच्या नवऱ्याला, योगेंद्रभाऊंना, आपल्या भाच्याच्या मोबाइलच्या दुकानासाठी हवा होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. करारावर सही सरपंच भिकुबाईची, कुलपाच्या आदेशावरही तिचीच. आता चैत्र लागला होता. शेवया, कुरडया, बिबड्या, सगळं घालायचं ते याच दिवसांत. कुलूप आणखी दोन महिने राहिलं असतं तर हंगाम गेला असता आणि गटही मोडला असता.

त्यांची धुळ्याची वकील वृषाली. तिने सुरुवातीलाच समजावलं होतं. साध्या माणसाने करार मोडला तर आज उठून त्याच्यावर दावा लावता येतो, ग्रामपंचायतीवर नाही. तिला कायद्याचं कवच असतं. आधी लेखी नोटीस, तीही कचेरीत, मग मुदत, मग कोर्ट. यातली एक पायरी चुकली की तुमचं कितीही खरं असो, दावा दारातूनच परत. "कचेरीत द्या आणि पोच घ्या," असं तिने दोनदा बजावलं होतं.

सुंदरबाईने नोटीस दिली भिकुबाईच्या घरी. भिकुबाई तिच्या माहेरची, एकाच गल्लीतली. माहेरच्या पोरीच्या हातात चार पुरुषांदेखत कोर्टाचा कागद ठेवायचा, हे तिच्या मनाला पटेना. ती घरी गेली, चहा प्याली, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि निघताना कागद दिला. पोच मागितली नाही. घरच्या माणसाकडून पोच कोण घेतं? वृषालीने हे ऐकून कपाळावर हात मारला होता. पण पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत म्हणजे हंगाम हातचा गेलाच. सरपंच नाकारणार नाहीत, या एका भरवशावर तिने दावा लावला होता.

आणि आता समोरचे वकील सांगत होते, की सरपंचांचं घर म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरी नव्हे. कायदा त्यांच्या बाजूने होता, म्हणून त्यांना आवाजही चढवावा लागत नव्हता. पुढच्या बाकावर योगेंद्रभाऊ मिशीवरून हात फिरवत बसले होते. शेजारी भिकुबाई, पदर डोक्यावर, नजर फरशीवर. सुंदरबाईला वकिलाचा राग आला नाही. तो पोटासाठी बोलत होता. राग आला तो भिकुबाईचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

न्यायाधीशांनी भिकुबाईला पुढे बोलावलं. नोटीस कचेरीत आली होती का, असं विचारलं. एका शब्दाचं उत्तर होतं आणि ते तिच्याकडून येताना गाडीत घोकून घेतलेलं असणार.

"नही उनी, साहेब," भिकुबाई म्हणाली. योगेंद्रभाऊंनी पाठ टेकली. सुंदरबाईने डोळे मिटले.

पण भिकुबाई जागची हलली नाही. "मना घर उनी. मना हातमा दिधी."

वकील लगेच उठले. आपण तरी दुसरं काय म्हणतोय, घरीच दिली, असं ते म्हणू लागले. भिकुबाई थांबली नाही. तीन वर्षांत आपण कचेरीत गेलो ते फक्त झेंडावंदनाला. सगळे कागद ग्रामसेवक घरी आणतात. सह्या चुलीपाशी होतात. शिक्कासुद्धा चहापत्तीच्या डब्याशेजारी फळीवर असतो. गाळ्याचा करार तिथेच झाला, हाताचं पीठ पुसून.

"कुलूपना कागदवर बी मी तठेच सही कयी," ती म्हणाली. "तो कागद चालस, तं मंग हाऊ का बरं नही चालस?"

न्यायाधीशांनी वकिलांशेजारी बसलेल्या ग्रामसेवकाकडे पाहिलं. हे खरं आहे का, असं त्यांनी विचारलं, तर ग्रामसेवकांनी आपल्या चपलेकडे पाहतच मान डोलावली. योगेंद्रभाऊंनी बसल्या जागेवरून बायकोला खूण केली, ती तिने पाहिली नाही किंवा पाहून सोडून दिली. वृषाली भराभरा काहीतरी लिहून घेत होती. सुंदरबाईला कायद्यातलं फारसं कळलं नाही. पण ही आपल्या गल्लीतली पोर आहे, हे तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "सरपंचबाई, मग तुमच्या ग्रामपंचायतीची कचेरी नेमकी आहे तरी कुठे?"

भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. मागे वळून सुंदरबाईकडे पाहिलं.

"आजलगून मना सैपाकघरमा व्हती, साहेब. गाळा खोलानी सही मी उद्या कचेरीमा बसीसन करसू."