रिपोर्ट चांगला आहे

सुताराने भरदुपारी रंधा बाजूला ठेवला, हात स्वच्छ धुतले आणि बायकोसाठी संत्रं सोलायला बसला. फोडींवरचे पांढरे धागेसुद्धा तो एकेक करून काढत होता.

सिस्टर पलंगावरून त्याच्याकडे बघत होत्या. नर्सची नोकरी संपून तीन वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या माणसाने पाण्याचा पेलाही कधी आपला आपण भरून घेतला नव्हता.

"रिपोर्ट नक्की चांगला आहे ना?"

"अगं, किती वेळा सांगू? साधी गाठ होती. काढली, संपलं."

संपलं, तर मग हे काय चाललंय? लेक हल्ली दिवसातून दोनदा फोन करत होती. पूर्वी आठवड्यातून एकदा करायची, तोही घाईघाईत. काल शेजारीण येऊन म्हणाली, "भाग्यवान आहात हो सिस्टर. असं घर मिळायला भाग्य लागतं." वॉर्डात "भाग्यवान" हा शब्द सिस्टर स्वतःच वापरायच्या. ज्या पेशंटला सांगण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसायचं, त्याच्यासाठी. नातेवाइकांना दाराबाहेर नेऊन त्याच बजावायच्या, "डोळे पुसा, हसत आत जा. त्यांना काही कळता कामा नये."

रिपोर्ट त्यांनी डोळ्यांखालून घातला होता. नाव बरोबर होतं, पण वय एकसष्टऐवजी बासष्ट. त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाचा तरी कागद आणून दाखवला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी "भाजी घेऊन येते" असं सांगून त्या बाहेर पडल्या आणि बस पकडून थेट लॅबमध्ये गेल्या. तिथला तंत्रज्ञ त्यांच्याच हॉस्पिटलात शिकलेला.

"खरं सांग. आमच्या घरच्यांनी तुला काय पढवलंय?"

तो गोंधळला. मग त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव त्यांचंच. नमुन्याचा नंबर त्यांच्याच पावतीवरचा. खाली तेच वाक्य: साधी गाठ. त्यांनी हाताने लिहिलेली नोंदवही मागितली, त्याने तीही काढून दिली. तिथेही तेच.

"आणि वय?"

"ते माझ्याकडून चुकलं, सिस्टर. पण चांगल्या रिपोर्टवर भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

सिस्टर घरी आल्या तेव्हा सुतार मोरीपाशी बसून कप विसळत होता. बाहीवर लाकडाचा भुसा चिकटलेला होता.

"भाजी कुठाय?" त्याने विचारलं.

"लॅबमध्ये गेले होते."

त्याने मान वर केली नाही. कप उपडा ठेवला, दुसरा घेतला.

"काय म्हणाले?"

"चांगला आहे." त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. "अहो, मग हे सगळं कशासाठी?"

"काय सगळं?"

"हे कप. ती संत्री. पोरीचे फोन."

सुताराने नळ बंद केला. बोलायचं म्हटलं की त्याला नेहमीच वेळ लागायचा.

"रिपोर्ट यायला आठ दिवस लागले ना," तो म्हणाला. "त्या आठ दिवसांत सवय लागली. आता काय, मोडायची?"

सिस्टरांच्या मनात एकदम वेगळीच शंका आली. त्या पुढे झाल्या आणि त्याचं ओलं मनगट हातात घेतलं.

"तुमचं सगळं ठीक आहे ना? काही लपवत तर नाही?"

"मला काय धाड भरलीय?"

"गप्प बसा. मोजू द्या."

घड्याळाकडे बघत त्यांनी नाडी मोजली. बहात्तर. अगदी ठणठणीत. मिनिट कधीच भरून गेलं होतं. सिस्टरांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.