बिनजोडीचा साचा

"रडून दात सरळ होत असते, तर डॉक्टरांना कुणी विचारलंच नसतं," मदतनीस बाई मास्कआडून म्हणाली.

समोर नऊ वर्षांची मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती. दातांना तारा लावायला तिची ही तिसरी खेप. दोनदा ती दारातूनच पळाली होती, आणि आज नाही जमलं तर पुन्हा आणायचं नाही, असं बापाने बजावलं होतं. आई तिची पाठ चोळत होती.

बाईला अशा आयांचा मनस्वी तिटकारा. पोरांआधी यांच्याच डोळ्यांत पाणी. वीस वर्षं ती या दवाखान्यात घाबरट पोरांची समजूत काढत होती आणि त्यातल्या एकाचीही तिला कधी कीव आली नव्हती. भित्र्याला कसली कीव?

तिने कपाट उघडलं. आत दातांचे प्लास्टरचे साचे जोडीने मांडले होते, एक तारांआधीचा, एक नंतरचा. खालच्या कप्प्यातून तिने एकटाच असलेला, पिवळट पडलेला साचा काढला. थोरल्या डॉक्टरांच्या काळातला. वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, शेजारचा तिरका.

"ही तुझ्याच वयाची होती. पोरं तिला फावडी म्हणायची. पण तुझ्यासारखी रडूबाई नव्हती. गुपचूप खुर्चीत बसली. दोन वर्षांत दात मोत्यांसारखे."

"मग हिचा दुसरा साचा कुठंय?"

"घरी घेऊन गेली. कौतुकानं."

"दुखलं तिला?"

"दोन-चार दिवस ठणकतं. बाकी काही नाही."

मुलीने साच्यावर बोट फिरवलं. मग आईचा हात सोडला आणि साचा घेऊनच आत गेली.

"तुम्ही बाहेरच थांबा," बाई आईला म्हणाली. "तुम्ही नसलात की पोरं शहाणी होतात."

तासाभराने बाई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून सफरचंद खात होती. चारचौघांत ती कधीच खात नसे. पावलं वाजली तशी तिने सफरचंद टेबलावर टाकलं आणि घाईने मास्क वर ओढला.

मुलगी साचा परत द्यायला आली होती. दातांवर नव्या तारा चमकत होत्या.

"मी नाही रडले," ती म्हणाली.

मग तिचं लक्ष सफरचंदाकडे गेलं. ते उचलून तिने चावलेल्या कडेवरच्या खुणा पाहिल्या आणि साचा त्यांना लावून बघितला. तो तंतोतंत बसला.

मुलीने साचा टेबलावर ठेवला आणि हळूच बाईची पाठ चोळली.

"दोन-चार दिवसच ठणकतं, मावशी."