उणे चिन्ह

अलमासनं वही पुढं केली, पण नजर वर उचलली नाही. वारंगा फाट्याच्या हॉटेलवाल्याची ही लेक हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. रत्नपाल सरांनी तिला प्रकल्प म्हणून आपलंच म्यूऑन कणाच्या क्षयाचं जुनं गणित तपासायला दिलं होतं. त्यावरच त्यांना डॉक्टरेट मिळाली होती. "सर, इथं उणे पाहिजे. चारदा केलं. माझंच चुकत असंल." सरांनी पेन उघडलं. तासभर ते ओळ न ओळ पुन्हा सोडवत गेले. उत्तर बराबर तिचंच येत होतं. त्यांची कानशिलं तापली. बारा वर्षं ते आपलं हेच चुकलेलं गणित अभिमानानं शिकवत आले होते. "मी कुणालाच सांगत न्हाई, सर," ती पुटपुटली. सर उठले. तिला भरल्या वर्गात नेऊन त्यांनी हाती खडू दिला. "माझी चूक पोरांना समजावून सांग. मी मागं बसून लिहून घेतो."