सरांच्या नावाचा बार्नेकल

काळ्या प्रवाळाच्या एका फांदीवर मला नव्या जातीचे सतरा बार्नेकल, म्हणजे समुद्रातले चिमुकले कवचधारी जीव, सापडले. माझ्या पहिल्याच शोधनिबंधावर लेखक दोन: आधी माझे मार्गदर्शक सर, मग मी.

“जातीला माझं नाव दे,” सर म्हणाले.

“सर, लेखकाने स्वतःचंच नाव दिलं तर लोक हसतात.”

सरांनी थोडा विचार केला आणि लेखकांमधून स्वतःचं नाव खोडलं. “आता कोण हसतंय बघू.”

“वर्णन लिहून झालं की एकदा वाचाल का, सर?”

“त्यात काय वाचायचंय? माझं नाव नीट लिही, बाकी तू बघून घे.”

मी नाव नीट लिहिलं. खाली वर्णन लिहिलं: डोक्याने दुसऱ्याच्या फांदीला चिकटतो. एकदा चिकटला की जन्मात जागा सोडत नाही. समोरून आयतं वाहत येईल ते पायांनी ओढून घेतो. उंची कवचासह चार मिलिमीटर, कवच काढल्यावर दीड.