नाडी पंचेचाळीस

"सर, मशीन घेत नाहीये," सिस्टर म्हणाली.

"घेत नाहीये म्हणजे काय? तुम्ही नीट टाकत नसाल," डॅशबोर्डसाहेब खुर्चीतून न उठताच म्हणाले.

हे नाव त्यांना नर्सेसनी ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. हॉस्पिटलचा सगळा संगणकी कारभार साहेबांच्या हातात. नाडी, ताप, रक्तदाब, सगळं नर्सनी टॅबवर भरायचं आणि ते खाली हॉलमधल्या भिंतीएवढ्या पडद्यावर, म्हणजे साहेबांच्या लाडक्या डॅशबोर्डवर, झळकायचं. या बायकांना एक आकडा धड टाकता येत नाही, असं साहेबांचं ठाम मत होतं आणि ते बोलून दाखवायला ते कधी लाजले नव्हते. आज मात्र ते वॉर्डात मुलगा म्हणून बसले होते. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन कालच झालं होतं. खाली पुरस्कार समिती यायची होती, म्हणून साहेबांचा हात सारखा टायकडे जात होता.

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम फुटला होता. "बाळ, गरगरतंय रे," एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

सिस्टरने एका हाताने त्यांची नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने पुन्हा आकडा टाकला. छत्तीस. टॅबवर पुन्हा लाल पट्टी आली: कृपया योग्य आकडा भरा.

ही पट्टी साहेबांचीच करामत होती. घाईघाईत कोणीतरी बहात्तरऐवजी नुसते सात टाकायचं, पडद्यावरचा आलेख धाडकन खाली यायचा आणि पाहुण्यांसमोर शोभा व्हायची. म्हणून साहेबांनी मर्यादाच घालून टाकली. पंचेचाळीसच्या खालची नाडी मशीनने घ्यायचीच नाही. आलेख कसा देखणा झाला! पुढे दुसऱ्या एका बैठकीत त्यांनी दुसरा नियम काढला. नाडी चाळीसच्या खाली गेली की मशीन आपोआप तातडीच्या पथकाला बोलावेल. फोन करून बोलावणं बंद, कारण फोन काय, कोणीही उठतं आणि करतं. दोन्ही बैठकांत टाळ्या पडल्या. हे दोन नियम शेजारी ठेवून बघावेत, एवढी साधी गोष्ट त्या दीडशहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

"पंचेचाळीस टाका हो!" साहेब ओरडले. "पंचेचाळीस टाका आणि आधी पथक बोलवा!"

"पंचेचाळीसला पथक येत नाही, सर. चाळीसच्या खाली लागतं. आणि चाळीसच्या खालचं मशीन घेत नाही."

साहेब ताडकन खुर्चीतून उठले. "मग... एरवी काय करता तुम्ही?"

"पंचेचाळीस टाकतो आणि मावशींना डॉक्टर शोधायला पळवतो. कधी सापडतात, कधी नाही." सिस्टरने बोलता बोलता पलंगाची पायाकडची बाजू उचलून घेतली. "तुम्हाला लिहून कळवलं होतं आम्ही. तुम्ही आमचंच ट्रेनिंग लावलंत. मावशी गेल्यात शोधायला. तुम्हीही पळा आता!"

साहेब पळाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते या इमारतीत कामासाठी पळत होते. टाय खांद्यावर, एक बूट अर्धा निघालेला, आणि जिन्यातून वेड्यासारख्या हाका मारत ते खाली पोचले. पथक जागेवरच होतं. सगळी तयारी करून, पडद्याकडे डोळे लावून, मशीनच्या हुकमाची वाट बघत बसलं होतं. साहेबांनी त्यातल्या डॉक्टरीणबाईंना अक्षरशः हाताला धरून ओढत वर आणलं.

इंजेक्शन गेलं. नाडी चढली. वडिलांनी डोळे उघडून पाणी मागितलं. साहेब पलंगाच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडले. ते रडणं मात्र खरं होतं, त्याबद्दल त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

सिस्टरलाही भरून आलं. तिला वाटलं, चला, एकदाचं कळलं. "सर, ती मर्यादा आत्ता काढून टाकाल ना?" तिने हळूच विचारलं. "आतल्या खोलीत अजून दोघांची नाडी खाली चाललीये."

साहेबांनी डोळे पुसले, टाय सरळ केला. "आज कुठे, सिस्टर! समिती खाली येऊन थांबलीये. ती जाऊ दे, मग बघू."

हॉलमध्ये पडदा लखलखत होता. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून पथकाला एकदाही बोलवावं लागलं नाही, या अजोड कामगिरीबद्दल साहेबांना भलामोठा गुच्छ मिळाला. आजचीही कुठे नोंद नव्हती. जिन्यातल्या हाका कोण मोजतं? अध्यक्षांनी विचारलं, शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांना हीच व्यवस्था द्याल का? साहेब लवून म्हणाले, "अगदी आनंदाने."

टाळ्या संपल्या तसे साहेब गुच्छ काखोटीला मारून एका कोपऱ्यात गेले आणि वडिलांना हलवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर कोण, खोली कशी, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून ते हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "आमचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे अजून बसवलेलं नाही ना?"